शंभर रुपयांत किती प्रथिनं?

सकाळी पाण्यात ढवळलेला व्हे प्रोटीनचा एक स्कूप, दुपारी ऑफिसच्या डेस्कवरच एक प्रोटीन बार, व्यायाम झाल्यावर पुन्हा स्कूप, आणि रात्री स्वयंपाकाचा कंटाळा आला की आणखी एक बार. हिंजवडी, पवई किंवा ऐरोलीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दिवसाचं जेवण असं उरकलं, तर आता कुणाला नवल वाटत नाही. उलट त्यात एक प्रकारची शिस्त दिसते. तळकट नाही, भात नाही, साखर नाही, सगळं ग्रॅममध्ये मोजलेलं. मग मोजतोच आहोत तर नीट मोजू. चांगल्या व्हेचा एक स्कूप साधारण 80 रुपयांना पडतो आणि 20 ग्रॅम प्रथिनांचा बार 120च्या आसपास. दोन स्कूप, दोन बार म्हणजे दिवसाला 400 आणि महिन्याला 12,000 रुपये. केंद्र सरकारच्या 2023-24च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भारतातला दरडोई मासिक खर्च सरासरी 6,996 रुपये निघाला होता, आणि त्यात खाण्यापिण्याबरोबर कपडे, प्रवास, औषधं, मोबाइल असं सगळंच आलं. म्हणजे शहरातला सरासरी माणूस ज्या पैशांत अख्खा महिना काढतो, त्याच्या पावणेदोन पट पैसे नुसत्या पावडरीवर आणि बारवर जातात.

बरं, एवढे पैसे मोजून पोटात काय पडतं? एका स्कूपमध्ये 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि सुमारे 120 कॅलरी. एका बारमध्ये 20 ग्रॅम प्रथिनं आणि 220च्या आसपास कॅलरी. चारांची बेरीज 88 ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम 680 कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे 65 किलोच्या माणसाला 54 ग्रॅम. त्या हिशेबाने प्रथिनं भरपूर झाली. उष्मांक मात्र गरजेच्या एक तृतीयांश. आणि इथेच सगळा व्यवहार फसतो. शरीराला आधी चूल पेटती ठेवायची असते. पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ पुरेसे आले नाहीत की ते आलेल्या प्रथिनांतला नायट्रोजनयुक्त भाग काढून टाकतं, त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर घालवतं आणि उरलेला सांगाडा सरपणासारखा जाळतं. स्नायूंसाठी म्हणून 80 रुपये मोजून घेतलेली प्रथिनं अशा वेळी जे काम करतात, ते तीन-चार रुपयांच्या ज्वारीच्या भाकरीने जास्त चांगलं केलं असतं. वर भाकरीने प्रथिनंही वाचवली असती.

'मग शेक वाढवू' असं म्हणून प्रश्न सुटत नाही. पाण्यात कालवलेल्या व्हेवर 2,000 कॅलरी गाठायच्या तर दिवसाला सोळा-सतरा स्कूप लागतील. त्यातून 400 ग्रॅम प्रथिनं पोटात जातील आणि 1,300 रुपये खिशातून. यकृताची युरिया तयार करण्याची ताकद अमर्याद नसते. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशांत भटकणाऱ्यांना हे पुस्तकाविना कळलं होतं. चरबी नसलेल्या सशांच्या मांसावर राहण्याची वेळ आली की माणसं पोट भरूनही खंगत, जुलाब होत आणि भूक शमत नसे. विल्ह्याल्मुर स्टेफान्सन या संशोधक-प्रवाशाने त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. बारवर दिवस काढायचा तर नऊ बार लागतील, म्हणजे हजारच्या वर रुपये. शिवाय 'साखर नाही' असं लिहिलेल्या बारमध्ये गोडीसाठी बहुधा माल्टिटॉलसारखी साखर-अल्कोहोलं असतात. ती लहान आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत, पुढे जाऊन पोट फुगवतात आणि जास्त झाली की धावपळ करायला लावतात. अशा पदार्थांच्या वेष्टनावर रेचक परिणामाचा इशारा छापायचा नियम आहे. तो इतक्या बारीक अक्षरांत असतो की प्रत्यय आल्यावरच बहुतेक जण तो वाचतात.

नुसत्या प्रथिनांवर जगण्याचा प्रयोग अमेरिकेत लाखो लोकांनी करून झालेला आहे. 1976 साली रॉबर्ट लिन या डॉक्टरच्या 'द लास्ट चान्स डाएट' या पुस्तकाने तिथे द्रवरूप प्रथिनांची लाट आणली. जेवण पूर्ण बंद आणि दिवसभर बाटलीतलं पेय, एकूण 300-400 कॅलरींचं. ते पेय कत्तलखान्यात उरलेली कातडी, स्नायुबंध, हाडं यांतल्या कोलॅजेनपासून बनत असे. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतंच, आणि पोटॅशियम, मॅग्नेशियमसारख्या क्षारांचा तर पत्ताच नव्हता. वजनं भराभर उतरली आणि मग हृदयाचे ठोके बिघडून माणसं दगावू लागली. अमेरिकी यंत्रणांकडे जवळपास साठ मृत्यूंची नोंद झाली, तेव्हा लाट ओसरली. आजचं व्हे म्हणजे ते कोलॅजेन नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. व्हेमध्ये सगळी अत्यावश्यक अमिनो आम्लं असतात आणि दर्जाच्या कसोटीवर ते अंड्याच्या पंगतीला बसतं. पण धडा केवळ कोलॅजेनपुरता नव्हता. एकाच अन्नघटकाला अख्ख्या जेवणाची जागा दिली की जे दिसत नाही ते आधी संपतं. (आणि हो, तेच कोलॅजेन आता त्वचेच्या तजेल्यासाठी देखण्या डब्यांत परत आलं आहे. ते प्रथिन म्हणून मोजू नये.)

न दिसणाऱ्यांत पहिला नंबर चोथ्याचा, म्हणजे तंतुमय पदार्थांचा. दिवसाला निदान 25 ते 30 ग्रॅम हवेत. व्हेमध्ये ते जवळजवळ शून्य. जिममध्ये नव्याने जाणाऱ्यांच्या तक्रारींत बद्धकोष्ठाची का असते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. मोठ्या आतड्यातले जंतू याच तंतूंवर जगतात, त्यांपासून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं बनवतात. भाज्यांतलं फोलेट, फळांतलं क जीवनसत्त्व, तेलबियांतली आवश्यक स्निग्धाम्लं यांचीही व्हेमध्ये अशीच वानवा. काही पावडरींत जीवनसत्त्वं वरून मिसळलेली असतात आणि परदेशात तर संपूर्ण जेवणाला पर्याय म्हणून खास पावडरी विकल्या जातात. अमेरिकेतली सॉयलेंट त्यांतली गाजलेली. अशी पावडर नुसत्या व्हेपेक्षा नक्कीच बरी, कारण तिच्यात पिष्ट, तेल, तंतू यांचं प्रमाण विचार करून बसवलेलं असतं. पण यादीतली जीवनसत्त्वं घातली म्हणजे वालाची उसळ तयार होत नाही. डाळी, पालेभाज्या, फळं यांत शेकडो वनस्पतिजन्य द्रव्यं असतात, आणि चावून खाल्लेल्या अन्नाची पोटातली चाल घटाघटा प्यायलेल्या अन्नापेक्षा वेगळी असते. पातळ अन्नाने पोट भरल्याची जाणीव कमी टिकते, म्हणून तर शेकनंतर तासाभरात हात पुन्हा बारकडे जातो.

आता प्रथिनांचाच भाव काढू. 20 ग्रॅम प्रथिनं हे माप धरलं, तर सध्याच्या शहरी किरकोळ दरांत सोयाबीनच्या वड्यांतून ती सहा-सात रुपयांत मिळतात, कारण वड्यांच्या वजनातला निम्मा भाग प्रथिनंच असतो. शेंगदाण्यांतून किंवा फुटाण्यांतून 11-13 रुपयांत, तूरडाळीतून 13-14 रुपयांत. तीन अंडी आणि वर थोडं म्हटलं तर 22-25 रुपये. चिकन तीसच्या आसपास, दूध पस्तीस, पनीर चाळीस-पंचेचाळीस. व्हे पासष्ट-सत्तर. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांच्या वर, बार: 120. दर थोडे इकडेतिकडे होतील, क्रम हलणार नाही. कोकणातल्या वाचकांनी यात सुक्या बोंबलांची भर घालावी. शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या घरात प्रथिनं, म्हणजे टक्केवारीत महागड्या बारच्या जवळजवळ दुप्पट. मीठ जास्त असतं आणि भाजताना शेजारी चौकशीला येतात, एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही. गंमत पुढेच आहे. शंभर ग्रॅम पदार्थात रोजच्या गरजेच्या 10 टक्के प्रथिनं असली तर 'प्रथिनांचा स्रोत' आणि 20 टक्के असली तर 'भरपूर प्रथिनं' असं घन पदार्थाच्या वेष्टनावर लिहायला आपले अन्नसुरक्षा नियम परवानगी देतात. गरज 54 ग्रॅम धरली तर पहिल्या दाव्याला साडेपाच ग्रॅम पुरतात आणि दुसऱ्याला अकराच्या आत. साध्या ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम असतात. म्हणजे बाजारातल्या पोत्यातली ज्वारी पहिल्या दाव्याला केव्हाच पात्र आहे आणि बाजरी दुसऱ्याच्या उंबरठ्यावर. 'प्रोटीन' असं ठळक छापून दुप्पट भावाने विकलेली बिस्किटं, चिप्स आणि शेव बघताना हा आकडा ध्यानात असावा.

राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024मध्ये भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शिका नव्याने काढली. तीत 2,000 कॅलरींच्या दिवसाचं ताट दिलं आहे: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85, भाज्या 400, फळं 100, तेलबिया आणि कवचाची फळं 35, तेल-तूप 27 ग्रॅम आणि दूध 300 मिली. धान्यांतून चोवीसेक ग्रॅम, डाळींतून एकोणीस, दुधातून दहा, उरलेली भाज्या आणि शेंगदाणे यांतून अशी बेरीज केली तर शाकाहारी ताटातही 65 ते 70 ग्रॅम प्रथिनं भरतात. आणि खर्च? भाजी 60 रुपये किलोने, धान्य 50 रुपयांनी, डाळ 140ने, दूध 58ने, फळं 120ने धरली, तर कच्च्या मालाचा खर्च नव्वद ते शंभर रुपये येतो. एका बारच्या किमतीत अख्खा दिवस, वर चहाला सुटे पैसे उरतात. याच मार्गदर्शिकेने शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळावी असा स्पष्ट सल्ला दिला, तेव्हा समाजमाध्यमांवर बरीच आदळआपट झाली.

त्या आदळआपटीत काही आक्षेप खरे होते, ते बाजूला सारता येणार नाहीत. पहिला असा की आपल्या जेवणातली प्रथिनं मुळात हलक्या दर्जाची. धान्यांत लायसिन कमी, डाळींत मेथिओनिन कमी, आणि वनस्पतिजन्य प्रथिनं पचतातही थोडी कमी. हे बरोबर आहे, म्हणूनच मुख्यतः धान्यांवर जगणाऱ्यांनी किलोमागे 0.83 ऐवजी एक ग्रॅम धरावं असं तज्ज्ञ सांगतात. पण एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरण-भात, पिठलं-भाकरी, मिसळीतली मटकी आणि पाव या जोड्या प्रयोगशाळेत ठरलेल्या नसल्या तरी रसायनशास्त्राला मान्य आहेत. वरच्या ताटातले 65-70 ग्रॅम त्या वाढीव मापालाही पुरतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असं ताट प्रत्यक्षात जेवतं कोण? 2023-24च्या सर्वेक्षणात देशात दरडोई रोज ग्रामीण भागात 61.8 आणि शहरी भागात 63.4 ग्रॅम प्रथिनं मिळतात असं दिसलं. सरासरी ठीक आहे, पण गावांत त्यातली सुमारे 46 टक्के आणि शहरांत 39 टक्के प्रथिनं निव्वळ धान्यांतून येतात. ताटात पोळी-भात भरपूर, वरण पळीभर आणि तेही पातळ. उणीव आहे ती इथे, आणि ती सर्वांत जास्त आहे ती गरीब घरांत. तिथे 80 रुपयांचा स्कूप पोहोचणार नाही. राज्यातल्या शाळांच्या पोषण आहारात नोव्हेंबर 2023मध्ये आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं आणि जानेवारी 2025मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. प्रथिनांच्या तुटवड्यावर इतकी चर्चा होत असताना सहा-सात रुपयांचं अंडं परवडत नाही, हे चमत्कारिकच म्हणायचं.

तिसरा आक्षेप वेळेचा. शंभर रुपयांच्या ताटात डाळ शिजवणाऱ्याचा तास धरलेला नाही, आणि आपल्याकडे तो तास बहुधा घरातल्या बाईचा असतो, म्हणून तो कोणी धरतही नाही. एकटं राहणाऱ्याला बारा तासांच्या नोकरीनंतर भाजी निवडणं जड जातं, यात खोटं काही नाही. पण तुलना घरच्या स्वयंपाकाशी आणि बारशीच करायची असं कुठे आहे? पुण्यातल्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं वर्षानुवर्षं मेसच्या डब्यावर राहतात. दोन्ही वेळचा डबा महिन्याला चार-पाच हजारांत येतो. त्या डब्यातलं वरण पातळ असतं, ही तक्रार रास्त आहे. तर त्याला मूठभर फुटाणे, दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर दही यांची जोड द्यावी. अंडी उकडायला दहा मिनिटं लागतात, फुटाण्यांना तेवढीही नाहीत. शेकर धुवायचा राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याचं झाकण उघडायला जे धैर्य लागतं, त्यापेक्षा हे सोपं.

चौथा मुद्दा पावडरीच्या बाजूने सांगितला जातो तो अचूकपणाचा: डाळीत किती प्रथिनं आली कोण मोजणार, डब्यावर तर छापलेलंच असतं. छापलेलं असतं, पण खरं असतं का? केरळमधले यकृततज्ज्ञ डॉ. सिरिॲक ॲबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रथिनपूरकांची तपासणी करून 2024मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ 70 टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला, काहींत तर सांगितल्याच्या निम्मंच प्रथिन होतं. सुमारे 14 टक्क्यांत बुरशीपासून येणारी अफ्लाटॉक्सिनं आणि 8 टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. लबाडी कशी चालते हेही समजून घेण्यासारखं आहे. प्रथिनं मोजण्याची रूढ पद्धत 1883मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी शोधली. तीत प्रथिन थेट मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि साधारणपणे त्याला 6.25 ने गुणतात. मग ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त, नायट्रोजनयुक्त द्रव्यं मिसळली की आकडा फुगतो, स्नायूंच्या पदरात काही पडत नाही. चीनमध्ये 2008 साली पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळून चाचणीला फसवलं गेलं ते याच पळवाटेने, आणि तिथे लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. तुरीच्या डाळीतही भेसळ होते, पण ती पाखडताना, निवडताना डोळ्यांना दिसण्याची शक्यता तरी असते.

मूत्रपिंडांचा विषय निघाला की काही जण सरसकट घाबरवतात, तेही योग्य नाही. निरोगी मूत्रपिंडांना मापातल्या जादा प्रथिनांनी अपाय होतो असा ठोस पुरावा नाही. ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत त्यांना मात्र होतो, आणि मधुमेह, रक्तदाब घरोघरी असताना आपली कमजोर आहेत की नाहीत हे तपासल्याशिवाय कळत नाही.

मग व्हे कुणासाठी? चीज करताना दहा लिटर दुधातून एखादा किलो चीज हाती येतं आणि नऊ लिटर पाणी उरतं. पाश्चात्त्य देशांतल्या डेअऱ्या ते नद्यांत सोडत आणि मासे मरत. पुढे त्या पाण्यातली प्रथिनं गाळून घेणाऱ्या पडद्यांचं तंत्र आलं आणि उकिरड्यातून उत्तम खाद्य निघालं. आपल्याकडे श्रीखंडाच्या चक्क्याचं पाणी कणीक मळायला किंवा कढीत घालतात, ते त्याच जातीचं, फक्त त्यात प्रथिनं विरळ. म्हणजे व्हे हा दुधाचाच अर्क आहे, त्याच्याशी वैर करायचं कारण नाही. दात पडलेले, भूक मेलेले वृद्ध, शस्त्रक्रियेतून उठलेले रुग्ण यांना डॉक्टर ते सांगतात आणि तिथे ते किमतीएवढं काम करतं. जोर काढणाऱ्या, वजनं उचलणाऱ्या तरुणालाही जास्त प्रथिनं लागतात. 49 चाचण्यांच्या 2018मधल्या एकत्रित विश्लेषणानुसार किलोमागे 1.6 ग्रॅमच्या पुढे स्नायूंच्या वाढीत फारशी भर पडत नाही. 65 किलोच्या माणसासाठी हे 104 ग्रॅम झाले. मार्गदर्शिकेच्या ताटातून 68च्या आसपास आले तर 36 उरतात. दोन अंडी, 40 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि वाटीभर दही यांत ते भरून निघतात, खर्च तीसेक रुपये. ताटासकट दिवसाला 130, महिन्याला 3,900. दही आणि वड्यांऐवजी एक स्कूप घेतला तर दिवसाला 195, महिन्याला 5,850. सोय हवी असेल तर तेवढे द्यायलाही हरकत नाही. फक्त डबा घेताना पुढची चित्रं सोडून मागची बाजू वाचावी. अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक आणि परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आहे का, शंभर ग्रॅममागे प्रथिनं किती, हे आधी बघावं. कॉन्सन्ट्रेट प्रकारात 80पर्यंत आणि आयसोलेटमध्ये 90च्या आसपास असतात, कॉन्सन्ट्रेटवर 90 छापलेलं दिसलं तर दुकानदाराला विचारावं. आणि घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वरच्या चार-पाच नावांत असेल, तर डबा परत फळीवर ठेवावा.